मामाजी आणि हॉलमधलं खारं पाणी

मामाजी, तुम्हाला जाऊन अजून महिनासुद्धा झालेला नाही. घरात शिरताना मी चपला काढायच्या आधी कान देते. हॉलमधून पंपाची घरघर येते आहे ना, हे ऐकते आणि मगच आत पाऊल टाकते. दुपारी खाणीत ब्लास्टिंग झालं की खिडक्यांच्या काचा थरथरतात, टाकीतल्या पाण्यावर शहारा येतो, दोन्ही मासे दगडामागे पळतात आणि मी काचेच्या कडा चाचपून पाहते. एवढं पाणी, आणि ते एवढ्याशा काचेच्या भरवशावर. आधी ही भीती तुमच्या वाटणीची होती. तुम्ही खुर्ची टाकून टाकीजवळ बसायचात, म्हणून आम्ही बाकीचे घरात निर्धास्त फिरायचो.

तुमच्याबद्दल बोलायला जे येतात ते खाणीबद्दल बोलतात. वणीत तुम्हाला सगळे 'पंपवाले' म्हणूनच ओळखत. जमिनीखालच्या खाणीत झिरपणारं पाणी उपसणाऱ्या पंपावर तुमची सगळी नोकरी गेली. ते दिवस मी पाहिलेले नाहीत. मी सून म्हणून या घरात आले तेव्हा तुम्ही निवृत्तीला टेकला होतात. मला आठवता ते चष्मा कपाळावर सरकवून, काचेला जवळजवळ नाक लावून बसलेले तुम्ही.

सासूबाई गेल्यावर तुम्ही बोलणं कमी केलं होतं. मोबाइल घेऊन कोपऱ्यात बसायचात. आम्हाला वाटायचं, बातम्या पाहता. एकदा चहा द्यायला आले तर स्क्रीनवर निळं पाणी होतं आणि त्यात मंद हलणारी कसलीशी बोटं.

"हे पाह्य प्रणाली," तुम्ही म्हणालात. "हे प्रवाळ. हा गोटा नोहे. जित्तं हाय हे."

मग तुम्ही मला त्या बोटीची गोष्ट सांगितलीत. निवृत्तीनंतर तुम्ही दोघं दक्षिणेच्या सहलीला गेला होतात. तिथे काचेच्या तळाच्या बोटीत बसवून समुद्राखालचं दाखवतात. सासूबाईंनी घाबरून तुमचं मनगट धरलं होतं, आणि खाली पाहिल्यावर ते सोडायचंच विसरल्या. "उतरल्यावर म्हणे, असं घरी असतं तं मी टीव्ही लावलाच नसता." हे सांगताना तुम्ही हसलात. या घरात कितीतरी दिवसांनी कुणीतरी हसलं होतं, आणि मला वाटतं, त्याच चहाच्या कपाबरोबर मी तुमच्या बाजूला आले.

तुम्ही हॉलमध्ये खाऱ्या पाण्याची टाकी करायचं काढलंत, तेव्हा नितीन मात्र तुमच्या बाजूला नव्हता. माझा नवरा, तुमचा मुलगा, पण तुमच्यापेक्षा म्हातारा असल्यासारखा विचार करणारा. वीजकेंद्रातली शिफ्टची नोकरी, डोक्यात सतत काय बिघडेल याचा हिशोब. "बाबा, गोड्या पाण्याची ठेवा ना. दोन गोल्डफिश आणून देतो."

"गोड्या पाण्यात ते नाही जगत."

"इथं प्यायच्या पाण्याची बोंब हाय अन् तुम्ही समुद्र आणून राह्यले."

"आणून नाही राह्यलो, करून राह्यलो," तुम्ही म्हणालात.

आणि खरंच केलात. टाकी नागपूरहून टेम्पोत, दोन गाद्यांच्या मध्ये झोपून आली. लोखंडी स्टँड तुम्ही स्वतः उभं राहून वेल्डिंग करून घेतलंत आणि खारं पाणी लोखंड खातं म्हणून त्याला रंगाचे हात देत राहिलात. आपल्या बोअरचं पाणी चालत नाही, त्यात क्षार आणि फ्लोराइड, म्हणून फिल्टरचं पाणी ड्रममध्ये साठवायचं, त्यात समुद्री मीठ घोळवायचं, पंपाने दिवसभर फिरवत ठेवायचं. खारटपणा मोजायची नळी होती, तरी तुम्ही बोट बुडवून चाखायचात आणि थुंकायला अंगणात जायचात. समुद्रातून तोडलेलं प्रवाळ घेणं कायद्याने गुन्हा आहे हे कळल्यावर तुम्ही नागपूरच्या दुकानदाराला, इरफानभाईंना, फोन करून पुन्हा पुन्हा विचारलंत की तुमचा दगड कारखान्यात केलेलाच आहे ना. दगड, पांढरी वाळू, पाणी, दिवा. सगळं लागलं, आणि तुम्ही त्यात काहीच सोडलं नाहीत.

आठवडे गेले. शेजारच्या काकू मुद्दाम मासे पाहायला आल्या. टाकीभोवती फिरून म्हणाल्या, "कुठं हायत?"

"येऊन राह्यले," तुम्ही म्हणालात. मग त्यांना समजावत बसलात की आधी डोळ्यांना न दिसणारे जंतू राहायला येतात, ते पाण्यातलं विष खातात, ते रुळल्याशिवाय मासा सोडला तर तो मरतो. काकूंनी मान डोलावली आणि स्वयंपाकघरात येऊन मला हळूच विचारलं, "बरे हाये ना वो बाबा?"

त्या वाट पाहण्याच्या संध्याकाळी मला सगळ्यात जास्त आठवतात. पाणी तपासायच्या नळीत विष असलं तर हिरवा रंग यायचा, नसलं तर पिवळा; तुम्हाला तो ओळखू यायचा नाही, मोतीबिंदूमुळे दोन्ही एकच दिसायचे. मी दिवसभर पॅथॉलॉजी लॅबमध्ये लोकांचं रक्त काढून, नळ्या हलवून घरी यायची, आणि तुम्ही फरशीवर नळ्या मांडून माझी वाट पाहत बसलेले असायचात. "पाह्य बरं, उतरलं का?" लग्न होऊन इतकी वर्षं झाली होती, पण तोवर आपल्या दोघांत बोलणं म्हणजे चहा, गोळ्या, लाइटचं बिल. त्या नळ्यांपाशी बसून तुम्ही मला सासूबाईंचं माहेर सांगितलंत, तुमच्या आईने तेंदूपत्ता तोडून तुम्हाला शाळेत कसं घातलं ते सांगितलंत. माझे वडील मी लहान असताना गेले. कुणी म्हातारं माणूस माझी वाट पाहत बसलंय, हे सुख मला ठाऊक नव्हतं. ते तुम्ही दिलंत आणि मी कधी बोलून दाखवलं नाही.

विष उतरलं. आधी गोगलगाई आल्या, मग केशरी-पांढऱ्या माशांची जोडी, मग इरफानभाईंनी त्यांच्याकडे वाढवलेल्या मऊ प्रवाळांचे तुकडे. ते तुम्ही पाण्यात न विरघळणाऱ्या डिंकाने दगडावर चिकटवलेत. चार दिवसांनी त्यातल्या एकाने बोटं उघडली तेव्हा तुम्ही मला लॅबमध्ये फोन केलात. मी घाबरून उचलला, कारण तुम्ही कधी फोन करत नव्हतात. "काही नाही," म्हणालात. "उघडलं. म्हटलं तुले सांगावं."

उन्हाळ्यात मात्र तुमची परीक्षा होती. मे महिन्यात आपल्याकडे नळाचं पाणी हाताला चटका देतं, आणि या जिवांना त्याच्या निम्म्या उष्णतेत जगायची सवय. तुम्ही फ्रीजर बर्फाच्या बाटल्यांनी भरून टाकलात, पाण्यावर पंखा लावलात, कूलर हॉलमध्ये ओढून आणलात. लाइट गेली की बॅटरीवरचा छोटा पंप सुरू करून काचेला तळहात लावून उभे राहायचात, आजारी पोराच्या कपाळाला लावतो तसा. अशाच एका दुपारी मी विचारलं होतं, "मामाजी, तुम्हाला भीती नाही वाटत? एवढं सगळं तुमच्या एकट्याच्या जिवावर."

"वाटते ना," तुम्ही लगेच म्हणालात. "खाणीत नोकरीभर वाटली. वर मी पंपापाशी, खाली माणसं कोळसा काढून राह्यली. पंप बंद पडला तं पाणी कोणाच्या गुडघ्याले लागन, कोणाच्या गळ्याले. मी जेवतानाही पंपाकडे कान ठेवून जेवत जाओ." मग थांबून म्हणालात, "ज्याले भेव नाही वाटलं, तो झोपला."

तेव्हा मला ते छान वाटलं होतं. आता ते आठवलं की झोप लागत नाही.

आता त्या बटणांकडे यावंच लागेल. मला त्याबद्दल बोलायचं नाही, पण बोलल्याशिवाय हे सगळं अर्धं राहतं.

इरफानभाईंकडून आलेल्या एका दगडावर छोट्या छोट्या बटणांसारखे जीव होते. तपकिरी देठ, वर हिरवी-केशरी चकती. चिऊला, तुमच्या नातीला, तेच सगळ्यात आवडायचे. "आबा, बटणं उघडली," म्हणून ती शाळेत जायच्या आधी तुम्हाला सांगायची. पण पावसाळा लागेपर्यंत ती बटणं फोफावली. शेजारच्या बोटांवर चढली, त्यांना झाकायला लागली. एका दगडावरची बटणं मारून दगड स्वच्छ करायचा, असं तुम्ही ठरवलंत. कसं मारायचं हे तुम्ही इरफानभाईंना विचारलं नाहीत, मला विचारलं नाहीत. तुम्हाला तुमच्या आईची खाट आठवली. खाटेतल्या ढेकणांवर ती उकळतं पाणी ओतायची.

मी लॅबमध्ये होते. चिऊ शाळेतून यायच्या आत काम उरकावं म्हणून तुम्ही दगड बादलीत घालून बाथरूममध्ये नेलात, दार लावून घेतलंत आणि त्यावर पातेलंभर उकळतं पाणी ओतलंत. वाफ भरलेल्या त्या एवढ्याशा खोलीत तुम्ही ब्रशने दगड घासत बसलात.

मी दुपारी आले तेव्हा तुम्ही अंगणात बाजेवर बसला होतात. खोकत होतात. "धूळ गेली घशात," म्हणालात. "तोंड कडू पडलं. पैसा चाखल्यावानी." मी पाणी दिलं. पेला तुमच्या हातातून निसटला. मी मनगट धरलं तर नाडी अशी धावत होती की मोजता येईना. तुम्हाला थंडी वाजायला लागली. ओठांना मुंग्या येतात, असं म्हणालात. मला आधी वाटलं, हार्ट अटॅक. मग वाटलं, साप. मी तुमचे पाय तपासत बसले होते, मामाजी, पावसाळ्यात अंगणात काय निघेल सांगता येत नाही म्हणून.

शेजारच्या काकांनी गाडी काढली. निघताना मी काकूंना ओरडून सांगितलं की चिऊ शाळेतून आली की तिला तुमच्याच घरी घेऊन बसा.

दवाखान्यात डॉक्टरांनी तुम्हाला ऑक्सिजन लावला आणि मला विचारलं, "काय हुंगलं यांनी? फवारणी केली का कुठे?" मी नाही म्हणाले. मग तुम्ही मास्क बाजूला करून तुटक तुटक सांगितलंत, दगड, बटणं, गरम पाणी. डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना काही कळेना, मलाही कळेना. मी व्हरांड्यात जाऊन इरफानभाईंना फोन लावला. नेहमीसारखं हसत 'बोलो भाभी' म्हणाले. मी सांगायला लागले आणि त्यांनी मला मध्येच थांबवलं.

"भाभी, गरम पानी तो नहीं डाला उन्होंने?"

"डाला."

"बंद कमरे में?"

"बाथरूममध्ये."

"सुनो भाभी. डॉक्टरला सांगा, त्याची वाफ विषारी असते. लय जहरी. उस बाथरूम में किसी को जाने मत देना. बच्ची कहाँ है?"

बच्ची कहाँ है. हे तीन शब्द मी मरेपर्यंत विसरणार नाही. चिऊची शाळा सुटून वेळ झाला होता. आपल्या घराला कुलूप नव्हतं. घाईत मी लावलंच नव्हतं. शाळेतून आली की ती पहिली बाथरूमकडे पळते हे मला माहीत होतं. काकू फोन उचलेनात. पुन्हा लावला, उचलेनात. व्हरांड्याच्या एका टोकाला तुमच्या खोकल्याचा आवाज आणि माझ्या कानाशी वाजत राहिलेली ती रिंग. कुणाकडे धावायचं हे मला कळेना. शेवटी काकूंनी फोन उचलला. त्याच म्हणाल्या, "अवं चिऊ इथं हाय, पोहे खाऊन राह्यली. बाबा कसे हायत?"

मी त्यांना सांगितलं की आमच्या दाराला बाहेरून कडी लावा, आत कुणाला जाऊ देऊ नका.

डॉक्टरांनी माझं ऐकून घेतलं, आत जाऊन मोबाइलवर बराच वेळ काही वाचलं, आणि बाहेर आले ते वेगळा चेहरा घेऊन. याला उतारा नाही, म्हणाले, श्वास आणि हृदय सांभाळायचं, बाकी शरीर करेल. नागपूरला हलवा. ॲम्ब्युलन्समध्ये तुम्ही माझा हात धरला होतात आणि मास्कमधून काहीतरी पुटपुटत होतात. मला वाटलं, शेवटचं काही सांगता. कान नेला तर म्हणत होतात, "टाकीचा दिवा बंद करजो. संध्याकाळी दिवा बंद करावा लागते." मला तुमचा इतका राग कधीच आला नव्हता.

तुम्ही वाचलात. घरी आलात, वाळलेले, जिना चढताना दम लागणारे. नितीनने बाथरूम धुऊन घेतलं होतं, तोंडाला ओला रुमाल बांधून, दारं-खिडक्या उघड्या टाकून, थंड पाण्याने. तो तुमच्याशी बोलत नव्हता. मी बोलत होते आणि रोज एकच बोलत होते: ही टाकी घरातून काढा. निदान बटणं काढा.

"त्यायनं काय केलं?" तुम्ही म्हणायचात. "पाण्यात हायत तोवर कोणाले काही करत नाहीत. उकळतं पाणी म्या टाकलं."

"घरात लहान पोर आहे."

"घरात गॅस हाय, करंट हाय. तुहा नवरा तिकडे बॉयलरपाशी उभा राह्यते. ते सारं काढशीन?"

"ते लागतं म्हणून आहे. हे कशाला लागतं?"

यावर तुम्ही काचेकडे वळायचात. एकदाच म्हणालात, "मले लागते." इतकं हळू म्हणालात की मला पुढे बोलता आलं नाही, आणि न बोलता आल्याचा मला राग आला. त्यानंतर आपण त्या विषयाभोवतीच फिरत होतो. तुम्ही नळ्या मांडायचात, मी रंग सांगायची आणि उठून जायची. पूर्वीसारखी बसायची नाही. माझं म्हणणं बरोबर होतं असं मला आजही वाटतं. फक्त ते पुढे रेटायला आता समोर कुणी नाही.

मग तो सोमवार. तुम्ही दाढी करायला चौकात गेलात. दुकानातून फोन आला तेव्हा मी कुणाचं तरी रक्त काढत होते. धावत पोचले तर तुम्ही खुर्चीतच होतात, मान मागे टेकलेली, एका गालावर साबणाचा फेस तसाच. न्हावीदादा बाजूला वस्तरा घेऊन उभे होते. "बोलता बोलताच थांबले वो," ते म्हणत राहिले. "बोलता बोलताच." मी पदराने फेस पुसला. डॉक्टर म्हणाले, हृदय. मी विचारलं, त्या वाफेमुळे? ते म्हणाले, तसं म्हणता येत नाही, हृदय जुनंच थकलेलं होतं. मी विचारलं, म्हणजे नक्की नाही ना? त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. मामाजी, त्या हाताचं उत्तर मी अजून लावते आहे. कधी हो लागतं, कधी नाही.

तुम्हाला हॉलमध्ये ठेवलं, टाकीच्या समोरच. दुसरी जागाच नव्हती. पांढऱ्या कपड्यातली सगळी माणसं, उशाशी मेणबत्ती, उमरखेडहून आलेल्या तुमच्या बहिणीचा, आत्याबाईंचा आक्रोश. बौद्धाचार्य आले, त्रिसरण सुरू झालं. मी तुमच्या पायाशी बसले होते, डोकं सुन्न. आणि वंदना संपल्यावर माझ्या लक्षात आलं की हॉलमध्ये काहीतरी नाही. आधी कळेना काय नाही ते. मग कळलं. पंपाचा आवाज नव्हता.

कुणीतरी प्लग काढला होता. घरघर नको म्हणून, तुमच्या मानासाठीच काढला असेल. मी मान वळवली. पाणी आरशासारखं स्थिर होतं. दोन्ही मासे वर येऊन पृष्ठभागाशी तोंड उघडत होते. किती वेळ झाला असेल ते कळायला मार्ग नव्हता. हॉलमध्ये इतकी माणसं, इतका उकाडा. प्लग होता तुमच्या उशाच्या पलीकडे, भिंतीशी.

मी उठायला घाबरले. हे तुम्हाला खरं सांगते. माझ्याच घरात, माझ्याच माणसाच्या मयतीत, सगळ्यांच्या देखत माशांसाठी उठायची मला भीती वाटली. नितीन समोर बसला होता. ज्या टाकीचं तो नाव काढू देत नव्हता, ती आपोआप मरत होती, आणि मी काही केलं नसतं तर कुणी मला विचारलंही नसतं. मी बटणांकडे पाहिलं. ती मिटलेली होती. मरू देत, असं मनात आलं. पूर्ण वाक्य आलं, मरू देत.

आणि मी उठले. बायकांच्या पायांतून, तुमच्या उशाला वळसा घालून गेले आणि प्लग लावला. पंप घरघरला, पाणी हललं. साऱ्या माना माझ्याकडे वळल्या.

"सुनबाई," आत्याबाई म्हणाल्या, "माहा भाऊ इथं पडून हाय अन् तुले मासोया सुचून राह्यल्या?"

नितीनने वर पाहिलं. मला वाटलं, आता हा सगळ्यांसमोर बोलणार. तो आत्याबाईंना म्हणाला, "राहू दे आत्या. बाबा पंपवाले होते." एवढंच म्हणाला आणि त्या दिवशी पहिल्यांदा रडला, तोंड गुडघ्यात घालून, मोठ्याने. आत्याबाईच मग सरकून त्याच्याजवळ गेल्या.

पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, माणसं पांगली, आणि इरफानभाई नागपूरहून टब आणि पिशव्या घेऊन आले. नितीनने बोलावलं होतं, सगळंच घेऊन जा म्हणून. ते तुमच्या फोटोसमोर आधी उभे राहिले. मग म्हणाले, "भाभी, मैंने बताना चाहिए था. बेचते वक्त बताना चाहिए था." इरफानभाईंनी जाड हातमोजे घातले, डोळ्यांना चष्मा चढवला आणि बटणांचा दगड पाण्याखालीच पिशवीत सरकवून, तोंड बांधून, मग वर काढला. मी दारात चिऊला धरून उभी होते. पिशवी टबात गेली तेव्हा मी चिऊला सोडलं.

"अब मछली?" त्यांनी विचारलं.

नितीन माझ्याकडे पाहत होता. "बोल," म्हणाला. "मले ह्याच्यातलं काही जमत नाही. पाण्याचं सारं तुलेच येते. तू म्हणशीन तसं."

"मला भीती वाटते," मी म्हणाले.

"मले काय वाटत नाही?"

चिऊ म्हणाली, मासे नका नेऊ. मासे राहू द्या, असं मी म्हणाले, पण ते तिच्यासाठी नाही, मामाजी, आणि तुमच्यासाठीही नाही. मला संध्याकाळी त्या फरशीवर बसायला काहीतरी कारण हवं होतं. नितीन दुसऱ्या दिवशी सुताराला घेऊन आला आणि टाकीवर कुलूप लागेल असं झाकण करून घेतलं. मी लॅबमधून हातमोज्यांचा डबा आणला.

काल सकाळी मी काच पुसत होते. मागच्या दगडाच्या पोटाशी, अंधाऱ्या बाजूला, एक बटण दिसलं. एकच. मसुराच्या दाण्याएवढं. मी नितीनला हाक मारली. तो वाकून पाहत राहिला.

"हेच का?"

"हेच."

"केवढुसं हाय," तो म्हणाला. त्याच्या डोक्यात ते कितीतरी मोठं असणार.

थोड्या वेळाने त्याने विचारलं, "काढाचं?" मी हो म्हणणार होते. हो म्हणण्यासाठीच मी त्याला बोलावलं होतं. चकती अर्धी उघडली होती, कडेला केशरी रेघ दिसत होती, आणि तुमचा तो हळू आवाज माझ्या कानात आला. "आज नको," मी म्हणाले. "रविवारी इरफानभाईंना विचारून काढू. नीट काढू."

हे तुमचं म्हणणं मान्य केलं असं समजू नका. ते मी काढणार आहे. हातमोजे घालून, चष्मा लावून, पाण्याखालीच काढणार आहे, आणि तुम्ही असतात तर आपलं पुन्हा भांडण झालं असतं. ते भांडण मला हवं होतं, मामाजी. आज संध्याकाळी नळ्या काढल्या, थेंब टाकले, हलवल्या. पिवळा होता. स्वच्छ पिवळा. बाजूला सांगायला कुणी नव्हतं, म्हणून मी ते मोठ्याने म्हणाले.